चार गुलाम

"कॉल करतोस की पत्ते टाकतोस?" असं म्हणत दिगूभाऊंनी समोरचे सगळे वॉशर दोन्ही हातांनी मधे सरकवले.

मी वर पाहिलं. मेसरूमच्या भिंतीवरच्या घड्याळात चारला अकरा मिनिटं कमी होती. चार वाजता माझी इंजिनरूममधली पाळी सुरू व्हायची होती. आणि चार वाजताच आम्हा दोघांपैकी एकाचं नाव चीफ इंजिनियर नायर साहेबांना सांगायचं होतं. ज्याचं नाव सांगू, तो बुधवारी घरी जाणार होता.

साथीचं वर्ष होतं ते. आमचं मालवाहू जहाज कोलंबोबाहेर नांगर टाकून उभं होतं. नऊ महिन्यांच्या करारावर आम्ही चढलो, त्याला आता चौदावा महिना लागला होता. कुठलंच बंदर माणसं उतरवू देत नव्हतं. अशात शनिवारी सकाळी नायर साहेबांनी मला आणि दिगूभाऊंना कंट्रोल रूममध्ये बोलावलं. आम्ही दोघेही ऑइलर, इंजिनांना तेलपाणी करणारे. म्हणाले, बदलीचा एकच ऑइलर येतोय. तुम्ही दोघे एकाच दिवशी चढलात, दोघांची नोंद सारखी आहे. मी कुणा एकाचं नाव घातलं तर दुसरा मला आयुष्यभर शिव्या देईल. उद्या चारपर्यंत तुम्हीच ठरवून सांगा. नाही ठरलं तर जागा दुसऱ्या जहाजाला जाईल.

चिठ्ठ्या टाकू, असं मी म्हणालो होतो.

"चिठ्ठी म्हणजे नुसतं नशीब," दिगूभाऊ म्हणाले. "पत्त्यांत निदान माणसाच्या हातात काहीतरी असतं. पोकर खेळू. उद्या जेवण झाल्यावर बसू, चार वाजता ज्याच्यापुढे जास्त वॉशर तो जाईल. आणि हरेल त्याने तोंड वाकडं करायचं नाही."

मी हो म्हणालो. दिगूभाऊंना नाही म्हणायची सवयच नव्हती मला. मी हर्णैचा, ते पलीकडच्या आंजर्ल्याचे चोगले. माझे वडील गेले तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुढे मुंबईला एजंटाच्या दारात मला घेऊन जाणारे, माझी कागदपत्रं स्वतः भरणारे, पहिल्या जहाजावर उलट्यांनी मी अर्धा झालो तेव्हा माझी पाळी स्वतः करणारे दिगूभाऊच. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. पोकरही मला त्यांनीच शिकवलं होतं. पैसे लावून खेळायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून स्टोअरमधले पितळेचे वॉशर.

पत्ते वाटायला आमचा कुक फ्रान्सिस बसला होता. वेंगुर्ल्याचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाकीची पोरं दुपारची झोपलेली. तीन तास आम्ही खेळत होतो आणि वॉशर कधी इकडे, कधी तिकडे, असं होत शेवटी जवळजवळ सारखेच राहिले होते. मग फ्रान्सिसने सांगितलं, "हा शेवटचा डाव हां. मला चहा टाकायचाय."

या खेळात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले असतात आणि मधे पाच उघडे. त्या पाचांत आपले दोन मिळवून सगळ्यात भारी पाच करायचे. मधे पडलेले होते इस्पिकचा आणि किलवरचा गुलाम, बदामचा एक्का, चौकटची पंजी आणि किलवरची दुर्री.

उरलेले दोन्ही गुलाम माझ्या हातात होते.

चार गुलाम. या पाच पत्त्यांवर त्यांना मारणारा हात जगात नव्हता. मी दोनदा, तीनदा हिशेब केला, एकेक शक्यता तपासली. दिगूभाऊंकडे दोन एक्के असते तरी ते हरत होते. मला फक्त "कॉल" म्हणून तेवढेच वॉशर पुढे करायचे होते आणि गुरुवारी संध्याकाळी मी आईसमोर असतो.

आईचं सांगायला हवं. दोन वर्षं तिची आठवण पुसत चालली होती. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग शेजाऱ्यांची नावं, मग वडील गेले आहेत हेच विसरली. माझी थोरली बहीण करुणाताई, तिचं सासर गावातच. ती आईला सांभाळत होती. आठवड्यातून एकदा मी जहाजावरून फोन लावायचो. गेल्या महिन्यात ताई म्हणाली होती, "फोटोत नाही ओळखत तुला. आवाज ओळखते अजून. पण रुपेश, डॉक्टर म्हणाले, काही महिनेच. मग आवाजही जाईल." हे सगळं दिगूभाऊंना माहीत होतं. त्या फोननंतर मी केबिनमध्ये रडत बसलो होतो तेव्हा माझ्या पाठीवर हात ठेवून तेच बसले होते.

"काय रे? दहा मिनिटं राहिली," फ्रान्सिस म्हणाला.

मी हात वॉशरांकडे नेला.

"रुपेश, थांब जरा," दिगूभाऊ म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी आपले झाकलेले पत्ते टेबलावर ठेवले, वर तळहात ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तुला सांगणार नव्हतो. तुझं आधीच कमी नाही. वनिताच्या छातीत गाठ निघालीय."

वनितावहिनींनी मला किती वेळा जेवायला वाढलं असेल याची गणती नाही.

"कधी?"

"दोन आठवडे झाले. दापोलीच्या डॉक्टरने मुंबईला जायला सांगितलंय. ऑपरेशन लगेच करायला हवं, पण ती एकटी जायला तयार नाही. पोरगी बारावीला. कोण नेणार तिला या दिवसांत?"

"ओ चोगले, घरच्या गोष्टी टेबलावर नकोत," फ्रान्सिस म्हणाला. "खेळताय तर खेळा."

"बरोबर आहे तुझं," दिगूभाऊ म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. "चुकलंच माझं. रुपेश, तू तुझा डाव खेळ. माझं मनावर घेऊ नकोस."

घड्याळाच्या काट्याचा आवाज येत होता. वरच्या डेकवर कुणीतरी गंज खरवडत होतं.

पहिल्यांदा वाटलं, कॉल करावा, जिंकावं आणि मग म्हणावं, दिगूभाऊ, तुम्ही जा. पण ते मनात येताच लाज वाटली. चार गुलाम उघडे टाकून मग ज्या माणसाने मला उभं केलं त्याला जागा दान करायची? फ्रान्सिससमोर? ते आयुष्यभर माझ्यासमोर मान वर करून बोलू शकले नसते. जायचंच असेल तर त्यांना जिंकून जाऊ द्यावं.

मग आई आठवली. फोन उचलताना ती "कोण, रुपू?" म्हणते, तो आवाज आठवला. मी मनातल्या मनात तिच्याशी बोललो. म्हटलं, चार-पाच महिनेच जातील. तेवढी धर. तिकडे एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

मी माझे दोन पत्ते पालथेच फ्रान्सिसकडे सरकवले.

"तुमचा डाव, दिगूभाऊ."

ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मला मिठी मारली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. फ्रान्सिस पत्ते गोळा करत होता. त्याने माझे दोन उलटून पाहिले, माझ्याकडे पाहिलं, ते गड्डीत घातले आणि चहा टाकायला गेला.

बुधवारी सकाळी लाँच आली. शिडीपाशी मी दिगूभाऊंच्या हातात एक पुडकं दिलं. डर्बनला घेतलेली लोकरीची शाल होती, आईसाठी.

"वहिनींचं सगळं निस्तरलं की एकदा आईकडे जाऊन या. तिला सांगा, मी बरा आहे, लवकरच येतोय."

"पहिलं काम तेच करतो," ते म्हणाले.

पुढचे तीन आठवडे मी त्यांना रोज मेसेज करत होतो. ऑपरेशन कधी? डॉक्टर काय म्हणाले? एखादं उत्तर यायचं, "चालू आहे सगळं", नाहीतर नुसता नमस्काराचा हात. मला वाटलं, धावपळीत असतील. चौथ्या रविवारी राहवलं नाही. इंटरनेटचं नवं कार्ड घेतलं आणि सरळ वहिनींच्या मोबाइलवर फोन लावला.

"अगंबाई, रुपेश! कसा आहेस? जेवतोस ना वेळेवर?" त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत.

"मी बरा आहे वहिनी. तुमची तब्येत कशी आहे? ऑपरेशन नीट झालं ना?"

"कुणाचं ऑपरेशन?"

मी म्हणालो, "तुमचं. छातीतल्या गाठीचं."

पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"मला गाठ झालीय असं कोण म्हणालं तुला?"

"दिगूभाऊ..." एवढंच मी म्हणालो.

"हे म्हणाले?" त्यांनी विचारलं. "कशासाठी?"

मी फोन ठेवायला हवा होता. पण त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि मी सांगितलं. एकच जागा होती, पत्ते खेळलो, शेवटच्या डावात ते असं म्हणाले. माझ्या आईचं वहिनींना आधीच माहीत होतं.

"दोन दिवस राहिले फक्त घरी," वहिनी सावकाश म्हणाल्या. "मग मुंबईला गेले. दुसऱ्या कंपनीत फिटरची जागा मिळतेय, पंधरा तारखेच्या आत हजर व्हायचंय म्हणून." मग एकदम त्यांचा आवाज फाटला. "माझ्या अंगावर असलं अभद्र घातलं रे त्यांनी? बढतीसाठी?"

मी दिगूभाऊंना मेसेज पाठवला, "वहिनींशी बोललो." त्यांनी तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. नंतर कधीच आलं नाही.

मला झोप येईना. फ्रान्सिसने एकदा ताट पुढे ठेवताना विचारलं, "तुझे पत्ते मी पाहिले होते. का टाकलेस?" मी म्हणालो, "वाटलं म्हणून." त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मला सगळ्यात जास्त काय खात होतं सांगू? डावात थाप मारणं हा तर खेळच आहे, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. पण त्या दिवशी केबिनमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवून ज्यांनी माझं आईचं दुःख ऐकलं, त्यांनी ते ऐकता ऐकता माझी नस नेमकी कुठे आहे तेही बघून ठेवलं होतं.

ताईचे फोन येत होते. एकदा म्हणाली, "दिगूभाऊ येऊन गेले रे. शाल दिली. फार चांगला माणूस." मी हूं म्हणालो. तिला काय सांगणार? नंतर दोन-तीनदा तिने सांगितलं की ते अधूनमधून येतात, आईजवळ बसतात. आईला फोन दे म्हटलं की मात्र ती टाळायला लागली. आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय.

माझी सुटका व्हायला आणखी सहा महिने लागले.

मंगळवारी हर्णैला पोचलो. आई ओटीवर खुर्चीत बसली होती, अंगावर माझी शाल. केस विंचरलेले, चेहरा छान. मी पायाशी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "आई, मी आलो."

तिने हात हळूच सोडवून घेतला. परक्या पुरुषाने धरलेला हात बाई सोडवते तसा.

"कोण पाहिजे तुम्हाला?" ती म्हणाली. "करुणा आत आहे."

"आई, मी रुपेश. रुपू."

ती हसली. मला समजावत म्हणाली, "रुपू आज नाही येत. रविवारी येतो."

मी ताईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून रडत होती. मग तिने सांगितलं. दिगूभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा खांद्यावर जहाजाची बॅग होती, अंगावर तसलाच निळा शर्ट. आईने दारातच त्यांना धरलं आणि रुपू म्हणून रडायला लागली. ते नाही म्हणाले तर ती कासावीस झाली. ताईच म्हणाली, आजच्यापुरतं होऊ द्या. पुढच्या रविवारी आई सकाळपासून दाराकडे बघत बसली. ताईने फोन केला, ते आले. मग येतच राहिले.

"तुला कसं सांगणार होते मी जहाजावर?" ताई म्हणाली. "त्या माणसाचे उपकार आहेत रे आपल्यावर."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती खालीच बसली.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ते आले. हातात केळ्यांची पिशवी. मी पायरीवर उभा होतो. मला बघून ते फाटकातच थांबले. खूप वाळले होते.

"कधी आलास?"

"मंगळवारी."

ते पुढे आले नाहीत. मीच खाली उतरलो.

"वहिनींना गाठ झाली असं म्हणताना जीभ कशी रेटली तुमची?"

"सतरा वर्षं ऑइलर म्हणून काढली, रुपेश," ते म्हणाले. "फिटरची जागा पुन्हा मिळाली नसती मला."

"मग तेच सांगायचं होतं."

"तेच सांगितलं असतं तर तू पत्ते टाकले असतेस?"

मी खरं ते बोललो. "नाही."

"म्हणून."

"मिळाली जागा?"

त्यांनी मान हलवली. "ते जहाजच विकलं कंपनीने. वनिता पोरीला घेऊन माहेरी गेली, ती अजून आली नाही." मग म्हणाले, "तू कॉल करायला हवा होतास. माझ्याकडे काहीच नव्हतं. अठ्ठी आणि तिर्री. बोललो ते तू कॉल करशील या भीतीने."

"माझ्याकडे गुलाम होते," मी म्हणालो. "चारही."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांनी फाटकाचा खांब धरला. मी हरलो नव्हतो, मी दिलं होतं, हे त्यांच्या डोक्यात शिरताना मला दिसलं. वाटलं होतं, हे त्यांना सांगताना मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

"मी जातो," ते म्हणाले. "पुन्हा येणार नाही. तू सांग तिला खरं."

आतून आईची हाक आली. "रुपू! बाहेर कुणाशी बोलतोस? ये ना आत."

आम्ही दोघेही वळलो.

ती दारात आली होती, भिंतीला धरून. तिची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली आणि दिगूभाऊंवर थांबली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. सहा महिने मी त्या चेहऱ्याची वाट बघत होतो.

"बसा तिच्याजवळ," मी म्हणालो.

"रुपेश, नको रे."

"मी आल्यापासून ती तुमची वाट बघतेय. जा."

ते आत गेले. मी समोरच्या खुर्चीवर पाहुण्यासारखा बसलो. आईने त्यांच्या हातातलं केळं सोललं, अर्धं त्यांनाच भरवलं. मग माझ्याकडे वळून, मोठ्या कौतुकाने म्हणाली, "हा माझा मुलगा. बोटीवर असतो. पण मला बरं नाही कळल्यावर सगळं टाकून आला बघा."

दिगूभाऊंनी तो घास तोंडात तसाच ठेवला. ते माझ्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

"भाग्यवान आहात," मी आईला म्हणालो.

पुढे आठ महिने ते दर रविवारी आले. त्या वेळी मी बंदरावर जाऊन बसायचो. आमच्यात एक शब्द झाला नाही. बाकीचे सहा दिवस आईला मी भरवायचो, न्हाऊ घालायला ताईला मदत करायचो. आई मला "अहो भाऊ" म्हणायची. कधी तरी झोपेच्या गुंगीत माझा हात धरून ठेवायची, तेवढंच.

श्रावण संपता संपता ती गेली. सकाळीच. निरोप न पाठवताही गावातून कळून दिगूभाऊ आले आणि लोकांच्या मागे उभे राहिले. तिरडी उचलली तेव्हा पुढचा उजवा खांदा माझा होता. आमच्या घरापासून स्मशान चांगलं दीड किलोमीटर. चढाव लागतो, वाटेत खांदे बदलतात. मारुतीच्या देवळापाशी मागचे दोघे बदलले, डावीकडचा बदलला. मला धाप लागली होती. कुणीतरी बाजूला आलं आणि तिरडीच्या दांड्याखाली हात घातला. मी मान वळवून पाहिलं. दिगूभाऊ होते. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"थकलायस तू," ते म्हणाले. "थोडा वेळ मला दे."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी हात काढला. मी दांडा नीट धरला आणि चढ चढायला लागलो. स्मशान येईपर्यंत मी खांदा बदलला नाही.